जेटिंग तेवढं बाकी आहे

१६ नोव्हेंबर, रविवार

स्नोमोबाइल घेतली. अखेर.

बर्फावरून पळणारी मोटारसायकलच म्हणा. गराजमध्ये उभी आहे. चहाचा कप हातात घेऊन तिसऱ्यांदा बघून आलो. जांभळा रंग, नाकावर लांडग्याचं चित्र. लांडगा जरा खारीसारखा दिसतो, पण एवढ्या वेगात कोण बघतंय.

विकणाऱ्याचं नाव डेल. हॉवेल गावाच्या पुढे एका शेतावर राहतो. म्हणाला, मशीन बरीच मॉडिफाय केलेली आहे. मूळ सायलेन्सर काढून मोठा रेस पाइप, एअरबॉक्सच्या जागी उघडे फिल्टर, हँडल उंच. सगळं एकदम फर्स्ट क्लास, फक्त कार्ब्युरेटरचं जेटिंग तेवढं बाकी आहे. मी मनात हसलो. त्याला काय कल्पना समोर कोण उभं आहे. इंजिनात कधी किती पेट्रोल जावं हे ठरवणं हाच माझा धंदा. मी ते ऑफिसात बसून सॉफ्टवेअरमधून ठरवतो हे खरं, पण पेट्रोल ते पेट्रोल. जेट म्हणजे काय तर शेंगदाण्याएवढा पितळी स्क्रू, मधे भोक. त्या भोकातून पेट्रोल जातं. हवा गार झाली की दाट होते, मग पेट्रोलही जास्त लागतं, मग भोक मोठं लागतं. झालं जेटिंग. एका दुपारचं काम.

आम्ही निघालो तेव्हा डेलची बायको दारात येऊन हात हलवत होती. वळणाआड जाईपर्यंत हलवत होती. या भागातले लोक फार प्रेमळ.

बायकोने, म्हणजे ज्ञानदाने, विचारलं, माझी गाडी कुठे लावू? म्हटलं, ड्राइव्हवेवर लाव, एका वीकएंडचा तर प्रश्न आहे. आमची लेक सिया खाली आली, दारातूनच बघितलं, “व्हाय इज इट पर्पल?” म्हणाली आणि वर गेली. म्हणजे इंटरेस्ट आहे.

प्लॅन असा. जानेवारीच्या लाँग वीकएंडला माझा मित्र अनीश आणि त्याची बायको प्रीता यांच्याबरोबर वर उत्तरेला गेलॉर्डला केबिन बुक केली आहे. अनीश स्नोमोबाइल भाड्याने घेणार. भाड्याने! मी त्याला म्हटलं, मी माझी आणणार. मी चालवणार, सिया मागे बसणार, तळ्याकाठच्या ट्रेलवरून दोघं लांब जाऊन येणार. गेल्या वर्षभरात ती माझ्याबरोबर कुठे आलेली नाही. सोळावं संपून लायसन्स मिळालं, तेव्हापासून तिला कुठे सोडायलासुद्धा मी लागत नाही.

हे आपलं सहज लिहिलं. मुद्दा जेटिंगचा आहे.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुरू झाली नाही. हे अपेक्षितच होतं. दोरी ओढून सुरू करायची असते. ओढली. पुन्हा ओढली. मग जॅकेट काढून ओढली. मग स्वेटर काढून.

सासूबाई स्वेटर, शाल, कानटोपी अशा तयारीने गराजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नाशिकहून आल्यात, मार्चपर्यंत आहेत. म्हणाल्या, “सत्यजित, नुसतं ओढून भागत नसेल हो, आधी काहीतरी दाबायचं असेल.” त्यांना समजावलं की इंजिन बरेच दिवस झोपलेलं आहे, उठायला वेळ लागतो. म्हणाल्या, “आपल्या सियासारखं.” सासूबाई चांगल्या आहेत, पण त्यांना टू-स्ट्रोकमधलं कळत नाही.

(त्या गेल्यावर पाहिलं. इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलेलंच होतं. बाहेर ओढलं. तरीही सुरू झाली नाही, म्हणजे मूळ प्रॉब्लेम जेटिंगचाच. माझं निदान बरोबर.)

उद्यापासून रोज सकाळी खांद्याचे व्यायाम.


१९ नोव्हेंबर, बुधवार

खांदा दुखत असल्यामुळे खांद्याचे व्यायाम करता आले नाहीत.


२२ नोव्हेंबर, शनिवार

दोन्ही कार्ब्युरेटर उघडले. आत जुन्या पेट्रोलचा हिरवट, चिकट गाळ. वास उन्हाळ्याच्या सुट्टीभर दप्तरात राहिलेल्या डब्यासारखा. जेटची भोकं पार बुजलेली. बघताच आनंद झाला. आजार सापडला की बरा करणं आलंच.

जेट वाटीत काढून डायनिंग टेबलवर ठेवले. हात धुऊन येतो तर वाटी गायब. सासूबाईंनी पितळ दिसलं म्हणून चिंच आणि मीठ लावून घासून ठेवले होते. निरांजनासारखे झगमगत होते. केमिस्ट्रीच्या दृष्टीने योग्यच आहे. पण भोकं बुजलेली ती बुजलेलीच.

बारीक तार हवी होती. बायको डेंटिस्ट असण्याचा असाही फायदा. ज्ञानदाच्या जुन्या डबीत रंगीत मुठीच्या, पिळाच्या, केसासारख्या बारीक सुया सापडल्या. जणू जेटसाठीच बनवलेल्या. आत घालून फिरवली, गाळ भसाभसा बाहेर. इतकं छान वाटलं की फिरवतच राहिलो. लॅपटॉपवर मॅच लावली होती. रंगात आली होती. डावीकडच्या जेटला जरा जास्तच वेळ दिला.

आता आरपार उजेड दिसतो. भरपूर दिसतो.


२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

ऐतिहासिक दिवस. सुरू झाली!

अनीश आणि प्रीता जेवायला आले होते. जेवणाआधी सगळ्यांना गराजमध्ये बोलावलं. चोक ओढला, दोरी ओढली, आठ-दहा ओढींतच सुरू. जिन्यावरून भांड्यांची पिशवी गडगडत यावी तसा आवाज. रेस पाइपचा गुण. थोडा धूर झाला. घरातले सगळे स्मोक अलार्म एकदम वाजले, म्हणजे तेही तपासून झाले.

अनीश म्हणाला, “एकाच सिलिंडरवर चालतेय, यार.” हा माणूस इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी त्याला शांतपणे सांगितलं की इंजिन अजून गरम व्हायचंय. मग ते बंद पडलं. गरम होण्याआधीच.

ज्ञानदाने सगळ्या खिडक्या उघडल्या. सगळे कोट घालून जेवायला बसले. मजा आली, पिकनिकसारखं वाटलं. प्रीता म्हणाली, बासुंदीला ऑइलचा वास येतोय. मला तर केशराचा आला. सियाने पदर घ्यावा तसा स्कार्फ नाकावर धरला होता. जेवण झाल्यावर ज्ञानदा आणि अनीश वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर काहीतरी बघत होते. वर धूर कमी होता म्हणून असेल.

नव्वद टक्के काम झालं. आता फक्त जेटिंग.


३० नोव्हेंबर, रविवार

ज्ञानदाला डबी सापडली. सुई उजेडात धरून विचारलं, “हे कशाला वापरलंस?” सांगितलं. तिने सुई आणखी जवळून बघितली. मग म्हणाली, “सत्यजित, ही फाइल आहे. रूट कॅनालची. ही साफ करत नाही, भोक रुंद करते. तेवढ्यासाठीच असते ती.”

“किती वेळ फिरवलीस?”

“फार नाही.”

“एका दाताला मिनिटभर पुरते.”

मी विषय बदलला.

एकंदरीत असं दिसतं की जेटवर छापलेल्या नंबराला आता काही अर्थ उरलेला नाही. भोकं मोठी, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून धूर. त्यात डावं भोक उजव्याहून मोठं, कारण मॅच. पण वेगळ्या नजरेने पाहिलं तर याला कस्टम जेटिंग म्हणता येईल.

नवे जेट मागवले. सगळ्या साइझचे. ज्ञानदा म्हणाली, ब्राइटनला दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथे देऊन टाक, तीन आठवड्यांत करून देतात. तीन आठवडे! मी तीन आठवडे कसे थांबणार.


६ डिसेंबर, शनिवार

जेट आले. छोटीशी पारदर्शक डबी, कप्पे कप्पे. दिवाळीच्या ड्रायफ्रूटच्या डब्यासारखी.

पद्धत साधी आहे. जेट बदलायचे, इंजिन चालवायचं, स्पार्क प्लग काढून रंग बघायचा. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, आणि तो धोक्याचा. इंजिन आतून तापतं, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. मधला, बदामी, तो बरोबर.

आज सगळे काळे आले. किचनच्या खिडकीत रांगेने ठेवलेत, तुलनेसाठी.

सकाळी बाहेर खरखर आवाज येत होता. ज्ञानदा काचेवरचा बर्फ खरवडत होती. रोजच खरवडते, क्लिनिकला जायच्या आधी. मला वाईट वाटलं. गराजमध्ये रेडिओ लावला.


१४ डिसेंबर, रविवार

बदामी!

दोन्ही प्लग! आल्याच्या चहाचा रंग! दोन्ही सिलिंडर चालले. सासूबाईंना हाक मारून दाखवले. त्या म्हणाल्या, “छान आहे हो रंग. या रंगाची साडी मी शोधत होते.”

शिवाय ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मॉडेल बनवलं आहे. बाहेरचं तापमान टाकायचं, कोणता जेट लावायचा ते येतं. डेलला असं काही सुचलं असतं का?

ज्ञानदाने एकच शंका काढली. गराजमध्ये हीटर लावून चाळीस डिग्री फॅरेनहाइटमध्ये ट्यून केलीस, तिकडे शून्याच्या खाली असेल ना? मी म्हटलं, मॉडेल कशासाठी आहे मग?

सकाळी व्यायाम केला नाही. मन प्रसन्न असल्यावर गरज वाटत नाही.


२० डिसेंबर, शनिवार

रात्रीत चांगला बर्फ पडला. मागच्या अंगणात टेस्ट रन. निष्कर्ष:

मशीन पळते. याबद्दल आता कोणाच्या मनात शंका नसावी. आधी पळत नव्हती. थ्रॉटल दाबला की घुटमळायची, खोकायची, परत घुटमळायची. मी आणखी दाबला. मग अचानक घसा मोकळा झाल्यासारखी सुटली. अंगण संपलं, शेजारच्या नोवाकबाईंचं सुरू झालं. त्यांच्या अंगणात हवा भरलेला मोठा स्नोमॅन होता. ‘होता’ हे भूतकाळी लिहितोय, कारण अचूक लिहायची सवय आहे.

आदळल्यासारखं अजिबात वाटलं नाही. फार मऊ. नोवाकबाई बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढे. पहिल्यांदा मला लागलं का ते विचारलं, मग स्नोमॅनकडे बघितलं. सासूबाई पाठोपाठ तिळाच्या वड्या घेऊन गेल्या आणि तासभर तिकडेच बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी परत आल्यावर सासूबाईंना सगळं माहीत होतं. नोवाकबाईंचा मुलगा कुठे असतो, गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, आणि स्नोमॅन नातीने दिलेला होता.

संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन. पुढचं टेस्टिंग आता थेट फील्डमध्ये.

नवा स्नोमॅन मागवला. आधीच्यापेक्षा मोठा.


२८ डिसेंबर, रविवार

सियाने ऑनलाइन स्नोमोबाइल सेफ्टी कोर्स केला. सर्टिफिकेटही आलं. मला आनंद झाला. म्हटलं, मागे बसणाऱ्यालाही नियम माहीत असलेले बरे.

ती म्हणाली, “आय मीन, आय वॉज गोइंग टु गो विथ मॉम.”

म्हटलं, मॉम? मॉमकडे कुठे आहे स्नोमोबाइल?

ती म्हणाली, “अं. नेव्हर माइंड.”

मी प्लग साफ करत होतो. बराच वेळ एकच प्लग साफ करत होतो. मग ती परत आली, गराजच्या पायरीवर बसली. म्हणाली, ओके, पहिली फेरी तुझ्याबरोबर. पण स्मोक नको. माझ्या नव्या जॅकेटला वास येतो.

प्रॉमिस केलं.

दुपारभर शीळ घालत होतो असं सासूबाई म्हणाल्या. माझ्या लक्षात आलं नाही.


१ जानेवारी, गुरुवार

संकल्प. गराज आठवड्याभरात रिकामं करून ज्ञानदाची गाडी आत घेणे. खांद्याचे व्यायाम. डेलने दिलेलं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचून काढणे.


४ जानेवारी, रविवार

मॅन्युअलचं पहिलं पान वाचलं. त्यावर लिहिलंय की मशीनमध्ये कसलेही बदल करू नयेत. म्हणजे आपल्या मशीनला लागू नाही. ठेवून दिलं.


१६ जानेवारी, शुक्रवार. गेलॉर्ड

पोचलो. ट्रेलरवर जांभळी मशीन बांधून आय-७५ हायवेवरून येताना तीन गाड्यांनी हॉर्न दिला. एक तर मुद्दाम शेजारून हळू चालवत खारीकडे, म्हणजे लांडग्याकडे, बघत होता.

केबिन छान आहे. लाकडाची चूल, समोर गोठलेलं तळं, त्यावर मासे पकडणाऱ्यांच्या छोट्या रंगीत झोपड्या. सासूबाईंनी आल्या आल्या चुलीचा ताबा घेतला. संक्रांत होऊन दोन दिवस झालेत, त्यामुळे डबाभर तिळाचे लाडू बरोबर.

एक गोष्ट कळली. रेंटलवाल्याकडून दोन मशीन्स येणार आहेत. एक अनीशच्या नावावर, दुसरी ज्ञानदाच्या. थँक्सगिव्हिंगलाच बुक केलेली. विचारलं तर म्हणाली, बॅकअप. म्हटलं, चांगलं केलंस. प्लॅनिंग करावं माणसाने. नंतर पाहिलं तर त्या बुकिंगमध्ये माझ्याही मापाचा स्नोसूट होता.

थकल्यामुळे लवकर झोपतोय.


१७ जानेवारी, शनिवार

सविस्तर लिहितो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

सकाळी उणे आठ. फॅरेनहाइट. नाकातले केस गोठतात अशी थंडी. मॉडेलमध्ये आकडा टाकला. उत्तर आलं, जेट दोन साइझ मोठे लावा. जेटची डबी खिशातच होती. पण जेट बदलायचे म्हणजे हातमोजे काढायचे. काढले. शेंगदाण्याएवढा स्क्रू, बोटं लाकडासारखी. हातमोजे परत घातले.

तेवढ्यात अनीशने त्याची भाड्याची मशीन सुरू केली. बटण दाबून. काही कष्ट नाहीत, काही नाही. बसून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “तू ते जेट बदलणार होतास ना?”

मी विचार केला, मॉडेल नेहमी सेफ साइडला असतं. मी स्वतः बनवलंय, मला माहीत आहे.

चोक ओढला, दोरी ओढली. चौथ्या ओढीला सुरू! आणि काय आवाज! आजपर्यंत इतकी छान कधी वाजली नव्हती. खोकला नाही, घुटमळणं नाही, धूर जवळजवळ शून्य. करकरीत, नव्या नोटेसारखा आवाज. मी अनीशकडे बघितलं. त्याने अंगठा वर केला. सिया मागे बसली. माझ्या कंबरेला धरलं. ती सहा वर्षांची असताना सायकलवर अशी धरायची, पण ते असो.

निघालो.

पुढचं सगळं मला नीट लिहिता येणार नाही. तळ्याच्या कडेने ट्रेल जातो, मग पाइनच्या जंगलात शिरतो. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं बर्फाने वाकलेली, ऊन नुकतं आलेलं. मी थ्रॉटल दाबला, ती उडालीच. प्रत्येक उंचवट्यावर सियाचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं, आणि ती हसायची. इंजिनाच्या आवाजातूनसुद्धा ऐकू येत होती. मी मुद्दाम उंचवटे शोधत होतो. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणजे आणखी जोरात. मी आणखी दाबला. माणसाला आणखी काय हवं असतं.

मग बारीक चीं असा आवाज आला. उंदरासारखा. आणि सगळं शांत. मशीन थोडी घसरत गेली आणि थांबली. जंगल एकदम खूप मोठं वाटायला लागलं.

दोरी ओढली. ती हललीच नाही. इंचभरसुद्धा. भिंत ओढल्यासारखं.

सियाने विचारलं, “इज इट डेड?” म्हटलं, विश्रांती घेतेय. प्लग काढून बघितला. पांढरा. खडूसारखा पांढरा. परत लावून टाकला, तिने बघायच्या आत.

तिला फोनला एक रेषा मिळाली, आईला कळवलं. मग आम्ही दोघं सीटवर बाजूबाजूला बसलो. तिने खिशातून आजीचे लाडू काढले. थंडीने दगड झालेले. एक लाडू चघळायला फार वेळ लागतो, त्यामुळे बोलणं झालं.

मी तिला सांगितलं की गार हवा दाट असते, म्हणून पेट्रोल जास्त लागतं, म्हणून मोठा जेट लागतो, नाहीतर पिस्टन अडकतो. फार सोपं करून सांगितलं. ती म्हणाली, “देन व्हाय डिडंट यू पुट द बिगर वन?”

हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही असं दाखवलं. हेल्मेट माझ्या मांडीवर होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाबा, आय क्विट व्हायोलिन.”

“कधी?”

“ऑक्टोबर.”

घरात व्हायोलिन ऐकू येत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, गराजचं दार चांगलं बसतंय.

आईला माहीत आहे का विचारलं. माहीत होतं. आजीला? आजीला पण. नोवाकबाईंनाही बहुतेक माहीत होतं. मला सांगायची तिला भीती वाटत होती, कारण मीच हौसेने लावलं होतं. म्हणाली, मी दर आठवड्याला टीचरला सांगायचे, ऑलमोस्ट देअर, फक्त थोडी प्रॅक्टिस बाकी आहे. अँड आय न्यू इट वॉजंट ट्रू. आय वॉज जस्ट बॅड.

तिला जवळ घेतलं. दोन स्नोसूटमधून जेवढं घेता येतं तेवढं. तिला समजावलं की यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. एखादी गोष्ट आपल्याला जमत नाही हे वेळेवर ओळखणं, हट्ट न करणं, तिथेच थांबणं, हे फार थोड्या लोकांना जमतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मशीनकडे. मग परत माझ्याकडे. विचारात पडली असावी. वडिलांचं बोलणं पोचलं की मुलांचे चेहरे असे होतात.

मग आवाज आला. वळणावरून ज्ञानदा आली. मागे सासूबाई. स्नोसूटवरून शाल, हेल्मेटखाली कानटोपी. थांबल्या थांबल्या म्हणाल्या, “काय हो मजा येते यात! आम्ही दोनदा वाट चुकलो!” अनीशही आला, दोर घेऊन. त्याने तो आधीपासून मशीनवर बांधून ठेवला होता. मी त्याबद्दल काही बोललो नाही, तोही बोलला नाही. चांगला मित्र आहे.

सिया अनीशच्या मागे बसली. मला ज्ञानदाने ओढत नेलं. वळणांवर हँडल धरायला कोणीतरी लागतंच, त्यामुळे मी माझ्या मशीनवर होतो. तळ्यावरच्या झोपड्यांतून मासेवाले बाहेर येऊन बघत होते. सासूबाई मागे वळून वळून माझ्याकडे हात हलवत होत्या. मीही हलवला. बाकी लोक आमच्याकडे मिरवणूक बघावी तसे बघत होते, पण मी सरळ समोर बघत राहिलो.

निम्म्या वाटेवर लक्षात आलं की मी थ्रॉटल दाबून धरला आहे.

संध्याकाळी ज्ञानदा माझ्या बोटांना कोमट पाण्याचा शेक देत होती. म्हणाली, मशीनचं जाऊ दे, आज ती सहा महिन्यांत बोलली नसेल तेवढं बोलली असेल ना तुझ्याशी? म्हटलं, हो. व्हायोलिनचं सांगितलं. ज्ञानदा म्हणाली, “मी तिला म्हणत होते, तूच सांग बाबांना. रागावत नाहीत ते.” मी म्हटलं, का रागावेन? उलट मी तिला चार गोष्टी समजावल्या. काय समजावलं ते सांगितलं. ज्ञानदाने टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ तसाच धरला. तिचे खांदे हलत होते. तिलाही भरून आलं असावं.


१८ जानेवारी, रविवार

रात्रभर बर्फ. सकाळी अंगणात माझ्या मशीनचं फक्त हँडल वर दिसत होतं. बघून पडदा ओढला.

प्रीताला सर्दी, अनीश तिच्यापाशी. ज्ञानदा आणि सासूबाई चुलीपाशी पत्ते खेळत बसल्या. सिया ज्ञानदाच्या मशीनची किल्ली घेऊन आली. सर्टिफिकेट आहे, आईची सही आहे, पण रेंटलवाल्याचा नियम की मोठं माणूस मागे बसलेलं पाहिजे. म्हणाली, “आय नीड अॅन अडल्ट. यू कमिंग?”

मी इकडेतिकडे बघितलं. मीच होतो.

मागच्या सीटला दोन्ही बाजूंना धरायला मुठी असतात. त्या गरम होतात. हे मला माहीतच नव्हतं. इतके दिवस या विषयात असून कोणी सांगितलं नव्हतं. बटण दाबलं, हात उबदार.

पहिल्या वळणाला मी तिला सांगितलं, इथे थ्रॉटल थोडा सोड. तिने आधीच सोडला होता. दुसऱ्या वळणाला सांगितलं, आतल्या बाजूने घे. ती आतल्या बाजूनेच जात होती. त्यानंतर वाऱ्यामुळे तिला ऐकू जात नसेल असं धरून गप्प बसलो.

तळं संपलं, जंगल लागलं. ती चांगली चालवते. माझ्यापेक्षा हळू, पण थांबत नाही. एका ठिकाणी हरणं ट्रेलवर उभी होती. तिने कधी इंजिन बंद केलं कळलंच नाही. आम्ही बसून राहिलो. तीन हरणं, त्यातलं एक लहान. ती निवांत रस्ता ओलांडून गेली. प्लगचा रंग काय असेल असा विचार एकदाही मनात आला नाही.

केबिनसमोर परत आल्यावर तिने हेल्मेट काढलं. नाक लाल झालं होतं. म्हणाली, “बाबा, यू आर अ रिअली गुड पॅसेंजर.”

ऑफिसात दरवर्षी माझं अप्रेझल होतं. इतकं नेमकं आजवर कोणी केलं नव्हतं.